गंगाबाईची कोप

आधी वाचकांची क्षमा मागतो. प्रवासाचे वर्णन लिहिणारी माणसे लांब जाऊन आलेली असतात. कोणी काशीला, कोणी काश्मीरला, एखादा बोटीने परदेशी. मी सकाळी सोलापुरात एस. टी.त बसलो आणि ऊन चढायच्या आत उतरलो. माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील कृष्णाकाठी गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. हंगामभर दुसऱ्याचा ऊस, दुसऱ्याची काहील. आमच्या नावावर मातीचे ढेकूळसुद्धा नाही. अशा मुलाने लेखणी उचलावी हे जरा अतीच झाले, हे मला कळते.

तरी लिहितो. निघताना वसतिगृहातल्या एकाने मला विचारले होते, ‘तिकडे निझामात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ तेव्हा मला उत्तर सुचले नाही. मला वेळेवर उत्तर सुचत नाहीच. आता सुचले आहे, ते इथे देतो. ज्याला ते लांबट वाटेल त्याने वाचू नये.

गावाचे नाव मात्र लिहीत नाही. माझ्या मित्राने तशी विनंती केली आहे आणि तिला कारण आहे.

अणदूरच्या पुढे

शिवलिंग हा माझा खोलीतला सोबती. त्याच्या तोंडात ‘लई’ आणि ‘न्हाय’ आले की मुले हसत. हैदराबादचे राज्य जाऊन त्याचा जिल्हा आपल्या मुंबई राज्यात आला, त्याला फार दिवस झाले नव्हते; मुलांच्या लेखी मात्र तो अजून ‘निझामातला’च होता. तो कधी उलटून बोलत नसे. पाटी वळवावी तसे तोंड वळवून पुस्तक उघडी. मलाच कधी कधी त्याचा राग येई. मार्गशीर्ष संपत आला तेव्हा तो मला म्हणाला, “येळवसेला गावाकडं चल. मग बोल.”

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे अमावस्येला कोणी प्रवासाला निघत नाही. आई तर त्या दिवशी दळणसुद्धा टाळते. आणि इथे अमावस्येच्या आदल्या दिवशीची गाडी माणसांनी दाटलेली! सगळे आपापल्या गावी चाललेले. कोणाच्या मांडीवर बोरांचे गाठोडे, कोणाच्या हातात पालेभाजीच्या जुड्या. वाटेत शिवलिंगने एक पडकी खोली दाखवली. पूर्वी तिथे हद्दीचा नाका होता, गाठोडी सोडून दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. आता त्या खोलीत कोणीतरी शेळी बांधली होती. ती दारातून गाडीकडे पाहत होती, पण तिने कोणाला अडवले नाही.

नळदुर्गाचा किल्ला मागे पडला, अणदूर आले. अणदूरचा खंडोबा म्हणे वर्षातले काही दिवस नळदुर्गाला राहायला जातो आणि आम्ही गेलो तेव्हा तो तिकडेच होता. देवालाही दोन गावे असतात हे मला नवीन होते. अणदूरच्या पुढे एका लिंबाखाली उतरलो आणि पायी निघालो.

आमच्याकडचे रान हिरवे असते ते नदीच्या जिवावर. इथे कुठे पाट नाही, मोट नाही. काळी जमीन पावलापावलाला भेगाळलेली. आणि त्या भेगांतून डोक्याइतकी ज्वारी उभी, मध्ये करडईचे काटेरी पट्टे, बांधाला तुरीच्या शेंगा. मी शिवलिंगला विचारले, याला पाणी कोण देते? तो म्हणाला, “थंडी.” मला वाटले चेष्टा करतो आहे. पण खरेच, शाळूचे पीक पावसाळ्यात जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दहिवरावर येते. पाणी मागत नाही, थंडी मागते. असे पीक ज्या मुलखात येते तिथली माणसे कशी असतील, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पण तो तेव्हा नुसताच विचार होता.

शिवलिंगचे घर दोन खणांचे. आईला ते ‘अव्वा’ म्हणतात आणि वडिलांना ‘अप्पा’. आम्ही पोचलो तेव्हा अव्वा भाज्यांच्या ढिगाऱ्यात बसली होती. चाकवत, मेथी, कांद्याची पात, ओल्या तुरी, हरभऱ्याचे सोलाणे, वालाच्या शेंगा. हे सगळे एकाच भांड्यात शिजणार आणि त्याला बेसन लागणार. तिला ते ‘भज्जी’ म्हणतात. मी भज्यांची वाट पाहत होतो, ती आलीच नाहीत, हे इथे कबूल करून टाकतो. कोपऱ्यात गळ्यापर्यंत आंबील भरलेली मातीची बिंदगी होती. ताकात ज्वारीचे पीठ कालवून केलेली ही आंबील रात्रभर मुरते आणि दुसऱ्या दिवशी रानात प्यायची असते.

जेवताना अप्पा सहज बोलल्यासारखे म्हणाले, “गंगाबाईनं कोप घातली हाय म्हनं. मालकाच्या रानात. गाडीवाटंला लागूनच.”

मी पाहुणा. गप्प बसणे बरे दिसेना, म्हणून काळजीने विचारले, “कशावरून रागावल्या त्या?”

मग अव्वा पिठाचा हात तोंडावर धरून हसू लागली. शिवलिंग ताटात पाहून हसत होता. अप्पांनी विचारले, “तुमच्याकडं कोप म्हंजी काय हो?” मी म्हणालो, राग. देवाचा कोप होतो तसा. मग त्यांनी मला समजावले. येळवसेला ज्याच्या त्याच्या रानात कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून त्यांची डोकी एकत्र बांधतात, वर घोंगडी किंवा लुगडे टाकतात आणि आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात. ते पाच पांडव. त्यांची पूजा करून तिथेच सगळे जेवतात. त्या खोपीला म्हणायचे कोप.

“पर पावनं म्हनतात ते बी खोटं न्हाय,” अप्पा म्हणाले. “गंगाबाईची कोप हाय ती. दोन्ही हाय.”

मग त्यांनी सगळे सांगितले. गंगाबाईचा नवरा मालकाच्या रानात कूळ होता. मालक म्हणजे व्यंकटराव, गावातली बरीचशी जमीन त्यांचीच. जो कसतो त्याची जमीन, असा कायदा आला आणि तेवढ्यात, दोन वर्षांपूर्वी, नवरा वारला. मागे राहिली गंगाबाई आणि तिचा ठार बहिरा सासरा. मालकाने तहसिलीत सांगितले की कूळ मेले, तेव्हापासून हे रान मी माझ्या गड्याकडून कसतो. बाईमाणूस कुठे पेरणीची तिफण हाकते काय? आणि गंगाबाईने तर दोन्ही वर्षे तिफण स्वतः हाकली होती, भर गावाच्या डोळ्यांदेखत. संक्रांतीनंतर तुळजापूरला तारीख होती. ज्यांनी पाहिले होते त्यांतला एकही जण अजून साक्षीला येतो म्हणाला नव्हता.

इतक्यात आली येळवस. दुसऱ्याच्या रानात कोणी कोप घालत नाही. ज्याने पेरले त्याने घालायची. म्हणून गंगाबाईने ती वाटेला लागून घातली, सगळ्यांना दिसावी अशी. आणि म्हणूनच मालकाचा निरोप घरोघर गेला होता, की तिच्या कोपीवर कोणी जेवायला बसायचे नाही.

अडचण एवढीच, की येळवसेला रानातून ‘जेवायला या’ अशी हाक आली तर नाही म्हणायचे नसते. ओळखीचा असो, वाटसरू असो, वैरी असो. अव्वा मला म्हणाली, “हाक मानसाची नस्ती बाबा, रानाची असती. न्हाय म्हनलं की आपलं बी पीक रुसतंय.”

“म्हून तर हाक ऐकूच येनार न्हाय, असल्या वाटंनं जायचं,” अप्पा म्हणाले. उद्या सगळे गाव ओढ्यातून वरच्या अंगाने रानात जाणार होते. अप्पा स्वतःही मालकाचेच कूळ होते. त्यांची गुरे मालकाच्या विहिरीवर पाणी पीत. ते मला दबकत म्हणाले, “आमी भ्यालो असं समजा, पावनं.” मी काय समजणार? माझ्या वडिलांनाही गुऱ्हाळाच्या मालकासमोर मान वर करताना मी कधी पाहिलेले नाही.

येळवस

सकाळी गाव रिकामे झाले. आमच्याकडे सण दारात येतो. तोरण लागते, उंबरा सारवतात, पाहुणा घरी येतो. इथे सणाच्या दिवशी घराला कडी घालून माणसे निघून जातात. गावात कुत्रेही उरले नाही, तीही गाड्यांमागून गेली. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत पिठाचे उकडलेले उंडे, तीळ लावलेल्या भाकऱ्या, गव्हाची खीर. थंडीने सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

ओढ्यावर पोचलो तर पुढे गाड्यांची रांग थांबलेली. सगळे गाव एरवी गाडीवाटेने जाते. ओढ्याच्या उताराला एवढ्या गाड्यांची सवयच नव्हती. पहिल्या चार-दोन गाड्यांनी काठ तुडवून चिखल केला आणि त्यात एक गाडी आसापर्यंत रुतून बसली होती. ती मालकाच्या कारभाऱ्याची, रंगरावांची गाडी होती. मालकाच्या घरचे सगळे जेवण, पितळी पातेल्यांसकट, तिच्यात होते. बैल गुडघ्यावर आलेले. मागच्या गाड्यांवरून लोक बोलत होते. एक म्हातारी कोणाला उद्देशून नाही अशा रीतीने म्हणाली, आज गावाला ओढ्याचा फार पुळका आला आहे, ओढ्यालाही आला, तो सोडीना. रंगराव तापले होते, पण म्हातारीला काय बोलणार?

उशीर होऊ लागला. अप्पांनी मला आणि शिवलिंगला बिंदगी घेऊन बांधाबांधाने पुढे जायला सांगितले. शिवलिंगने बिंदगी खांद्यावर घेतली. बांध पुढे मोडला होता म्हणून आम्ही हरभऱ्यातून निघालो आणि तिथे माझी फजिती झाली. हरभऱ्याच्या पानांवर सकाळी दहिवराबरोबर आंबट पाणी धरते, त्याला ते ‘आंब’ म्हणतात. माझ्या टाचांना थंडीने भेगा पडलेल्या. चार पावलांत पाय असे चुरचुरू लागले की मी शेतात उड्या मारू लागलो. शिवलिंगला हसू आवरेना. त्या हसण्यात आमचे वाटेकडे लक्ष राहिले नाही आणि हरभरा संपला तेव्हा आम्ही गाडीवाटेवर उभे होतो. समोर कोप होती.

वाटेच्या मधोमध घोंगडी पांघरलेला एक म्हातारा उभा होता. गंगाबाईचा सासरा, सिद्रामआजा. सकाळपासून वाट पाहून पाहून त्याला आम्ही दिसलो होतो.

“या जेवायलाऽ,” त्याने हाक दिली. आम्ही चार हातांवर होतो, पण हाक पुढच्या शिवारापर्यंत गेली असेल.

“आमच्या रानात निघालोय, आजा,” शिवलिंग म्हणाला.

“व्हय व्हय. बसा.”

“अव्वा वाट बघतीया.”

“लई हाय. तुमी किती प्याल?”

“मालक रागाला येतील, आजा.”

“खीर बी हाय,” आजा म्हणाला आणि त्याने माझे मनगट धरले. त्या हाताला नाही म्हणणे हे दगडाला नाही म्हणण्यासारखे होते. त्याला ऐकूच येत नव्हते. मला नंतर वाटले, सगळ्या गावात नकार ऐकू न येणारा एकच माणूस होता आणि गंगाबाईने नेमका तोच वाटेवर उभा केला होता.

ती कोपीतून बाहेर आली. चाळिशीची, उंच, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, चेहरा उन्हाने रापलेला. तिने सासऱ्याचा हात माझ्या मनगटावरून काढला.

“पावनं, तुमच्यावर जोर न्हाय,” ती म्हणाली. “तुमी त्यांच्या घरी उतरलाव. त्यांच्या गुरांचं पानी मालकाच्या हिरीवर हाय, मला ठावं हाय. पर रान माजं हाय. हाक म्या मारनार. समद्यास्नी मारनार.”

तिच्या आवाजात रडणे नव्हते की विनवणी नव्हती. ऊन पडले आहे असे सांगावे तसे तिने ‘रान माजं हाय’ म्हटले. मी आयुष्यात कोणालाही असे म्हणताना ऐकले नव्हते. बसावे असे मला फार वाटले. पण जेवणार मी आणि तहानेली राहणार अप्पांची गुरे. मी शिवलिंगला म्हणालो, तू म्हणशील तसे करू.

शिवलिंगने खांद्यावरची बिंदगी कोपीसमोर जमिनीवर ठेवली.

“लई वजन झालंय,” तो म्हणाला आणि बसला.

आम्ही जेवलो. त्या जेवणाचे वर्णन मला नीट करता येणार नाही. भज्जीत तूर वेगळी लागत होती, वाल वेगळा, मध्येच एखादे बोर आंबट लागत होते आणि तरी सगळे मिळून एक लागत होते. आंबील लसणाच्या वासाची, गार. उंडा हातात फोडून भज्जीत बुडवायचा. गंगाबाई वाढत होती आणि आजा प्रत्येक घासाला ‘घ्या’ म्हणत होता. मी धीर करून विचारले, तिफण तुम्ही एकटीने कशी हाकली? ती म्हणाली, “बैल इचारत न्हाईत, मागं बाई हाय का बाप्या.” हसली. “मानसंच इचारतात.”

एवढ्यात अव्वा आली. गाडी निघत नाही म्हणून टोपली डोक्यावर घेऊन ती पायी निघाली होती. आजाने हाक दिली. अव्वा क्षणभरही थांबली नाही. टोपली उतरवून ती गंगाबाईच्या चुलीपाशी गेली आणि सकाळपासून एकत्रच असल्यासारखी वाढू लागली. मला कळले, की ती चुकून आलेली नव्हती.

मागून आम्हाला शोधत अप्पा आले. वाटेवर थांबले. त्यांनी मुलाला पाहिले, बायकोला पाहिले, कोपीकडे पाहिले. आजाने हाक दिली. अप्पा तसेच उभे. ओढ्यावरचे लोकही एकेक करून मागे येत होते आणि अप्पा काय करतात हे पाहायला थांबत होते.

अव्वाने मान वर न करता म्हटले, “हाक आली.”

“ऐकू आली,” अप्पा म्हणाले. वहाणा काढल्या आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले.

त्यानंतर कोण कधी बसले हे मला सांगता येणार नाही. पोरे भुकेली होती, आंबिलीचा वास सुटला होता, गाडी काही निघत नव्हती. आलेला माणूस आधी खोकायचा, इकडेतिकडे पाहायचा, मग ‘हाक आली आता काय करायचं’ असे पुटपुटत बसायचा. बायकांनी आपापल्या टोपल्या तिथेच उघडल्या. ती ओढ्यावरची म्हातारी बसली तेव्हा मात्र पुटपुटली नाही. ती म्हणाली, पहिल्यापासून इथेच यायचे होते, ओढ्याला उगीच त्रास दिला.

शेवटी चिखलाने माखलेले रंगराव कारभारी आले. त्यांना गाडी काढायला माणसे हवी होती आणि माणसे सगळी इथे होती. त्यांनी दोघा-तिघांना नावाने उठायला सांगितले. अप्पा घास घेत म्हणाले, जेवता माणूस उठवू नये, कारभारी. बसा, मग सगळे मिळून काढू. एवढ्यात आजाने त्यांचाही हात धरला.

“या जेवायलाऽ.”

रंगरावांचे स्वतःचे दोन तुकडे रान होते, त्यात शाळू पोटऱ्यात आलेला होता. त्यांनी शाळूच्या दिशेने पाहिले. मला वाटते, त्यांनी मालकाचा आणि पिकाचा असा दोघांचा राग तोलून पाहिला. मग म्हणाले, घोटभर आंबील उभ्याने घेतो.

गंगाबाईने वाटी भरली, पण पुढे केली नाही. “उभ्यानं वाटसरू पितो, कारभारी. तुमी गावचे. बसा.”

सगळे पाहत होते. रंगराव बसले. प्यायले. आणि खरे सांगायचे तर त्यांनी दुसऱ्यांदा मागितली.

जेवणानंतर पिकात आंबील शिंपायची असते. घरचा कर्ता पुरुष डोक्यावर घोंगडी घेऊन ‘वलगे वलगे’ असे ओरडत रानाला फेरी घालतो आणि बाकीचे मागून धावत ओरडतात. शब्दाचा अर्थ मी अनेकांना विचारला. कोणाला ठाऊक नाही. कोणी म्हणाले कानडी आहे, कोणी म्हणाले पांडवांची भाषा. घोंगडी आजाच्या अंगावर होती. सगळे त्याच्याकडे पाहू लागले. आजाने ती काढली आणि सुनेच्या डोक्यावर टाकली.

गंगाबाई धावली. बांधाच्या कडेने, ज्वारीच्या धाटांतून, चारही कोपऱ्यांना. तिच्या मागे अप्पा, शिवलिंग, गावातली निम्मी माणसे. शिंपायची वाटी कोणीतरी माझ्या हातात दिली होती. हरभऱ्याच्या पट्ट्यात पाय पुन्हा चुरचुरले, पण आता थांबायचे कोणी? अर्थ न कळणारा शब्द मी घसा फुटेपर्यंत ओरडलो. इतक्या मोठ्याने मी यापूर्वी कुठेच, काहीच बोललो नव्हतो.

मग सगळ्यांनी मिळून कारभाऱ्याची गाडी काढली. मालकाचे जेवण पार गारढोण झाले होते.

ओढ्याचे पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, तो येणारच होता. अप्पांची गुरे विहिरीवर आणायची नाहीत. अप्पांनी तो दारात उभे राहून ऐकला, निरोप्याला पाणी विचारले आणि गुरे सोडून ओढ्याकडे हाकली. ओढा लांब आहे. उन्हाळ्यात तो आटतो हे मला शिवलिंगनेच सांगितले होते. मी अप्पांच्या बरोबर गेलो. माझ्यामुळे हे झाले असे काहीतरी मी बोलू लागलो तेव्हा त्यांनी मला थांबवले.

“हाक तुमाला आली हुती का मला?” ते म्हणाले. ओढ्याला पोचल्यावर ते वाकून ओंजळभर पाणी प्यायले. “ग्वाड हाय. इतकी सालं हिकडं आलोच न्हाय.”

आम्ही सोलापूरला परत आलो. वसतिगृहातल्या त्या मुलाने विचारले, काय पाहिलेस? मी उत्तर द्यायच्या आत शिवलिंग म्हणाला, “तुला न्हाय कळायचं. लई लांब हाय ते.” मुले हसली. त्याने या वेळी पुस्तक उघडले नाही. तोही त्यांच्याकडे पाहत राहिला, त्यांचे हसणे संपेपर्यंत.

संक्रांत झाली. तारीख पुढे गेली. पुन्हा पुढे गेली. परीक्षेचा अभ्यास करताना मी मध्येच विचारी, काही कळले का? त्याला काही कळलेले नसे. आमच्या आईला मी येळवसेची गोष्ट सांगितली होती. ती मला दर खेपेस विचारी, त्या बाईचे काय झाले रे?

पाडव्याला शिवलिंग गावी जाऊन आला. खोलीत आला, पिशवी खाली ठेवली, आणि माझ्या खाटेवर बसून त्याने जे सांगितले ते त्याच क्रमाने लिहितो.

तुळजापूरला मालकातर्फे रंगराव उभे राहिले. म्हणाले, बाई रान कसत नाही, मालकाचा गडी कसतो. तहसीलदारसाहेब कोकणाकडचे, नवीन बदलून आलेले. त्यांनी गंगाबाईला विचारले, तुम्हाला यांना काही विचारायचे आहे का? तिने एकच गोष्ट विचारली.

“येळवसेला तुमी आंबील कुठं प्यालाव, कारभारी?”

मागे सगळे गाव बसले होते. अप्पा होते, ती म्हातारी होती. रंगरावांनी मागे पाहिले आणि म्हणाले, गंगाबाईच्या कोपीवर.

साहेबांना काही कळेना. त्यांनी विचारले, बाईंचा कोप? त्या का रागावल्या होत्या?

सगळी कचेरी हसली. साहेब तापले. कोप म्हणजे काय ते नीट सांगा म्हणून त्यांनी रंगरावांनाच फर्मावले. रंगराव सांगू लागले. पाच पेंढ्या, घोंगडी, आत पांडव. साहेबांनी विचारले, कुठे घालतात? रानात. कोणाच्या रानात? “ज्यानं पेरलं त्यानं आपल्या...” एवढे बोलून रंगराव थांबले. पण साहेब लिहून घेत होते, ते थांबले नाहीत. मग कोणी न बोलावता अप्पा उभे राहिले आणि म्हणाले, आमी बी तितंच बसलो हुतो.

रान गंगाबाईच्या नावावर झाले.

“आणि अप्पा?” मी विचारले.

“त्यांनी बी अर्जी दिलीया. पुढली तारीख त्यांची.” शिवलिंगने पिशवीतून तीळ लावलेली एक भाकरी काढून मला दिली. ती गंगाबाईने पाठवली होती. मग तो हसत म्हणाला, “गावात सध्या मालकाचा लई कोप हाय.”

मी सावध झालो होतो. मी विचारले, “ती कोप की तो कोप?”

“तो,” शिवलिंग म्हणाला. “तुमच्याकडचा.”